बोगोटाला निघालात? आधी टी-शर्ट घ्या

दक्षिण अमेरिकेची ग्रुप टूर बुक केलीत? अभिनंदन! कोलंबियाच्या राजधानीत मुक्काम असेलच. मी नुकताच तिथून आलोय, तोही आपल्याच माणसांनी भरलेल्या बसमधून. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्या कामी यावं, म्हणून सांगतो.

स्वेटर अजिबात नेऊ नका. विषुववृत्ताजवळचं गाव म्हणजे घाम निघणारच. शहर २,६४० मीटर उंचीवर आहे, असं टूरवाल्यांच्या पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं, पण पीडीएफ काय वाचायला पाठवतात? उतरल्यावर कुडकुडत टूर मॅनेजरला झापायचं, "आधी सांगता येत नाही?"

पहिल्याच सकाळी शहराला लागून असलेला मोन्सेराते डोंगर पायी चढा. वर ३,१५२ मीटरवर श्वास अडकला तर ओवा चघळा.

सुवर्ण संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा सोमवारीच जा. चुकून दुसऱ्या वारी पोचलातच, तर मुइस्का या तिथल्या मूळ रहिवाशांच्या त्या वीतभर तराफ्यापुढे घोळका करा. मधोमध सरदार, भोवती त्याची माणसं, सगळं सोन्यात ओतलेलं. एल दोरादो, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाच्या आख्यायिकेमागचा विधी तो हाच, असं मानतात. १९६९ मध्ये एका गुहेत सापडलेली ही वस्तू बघायला लोक जगभरातून येतात. तुम्ही एवढंच विचारा, "किती तोळे?" आणि उत्तर यायच्या आत बाहेर पडा. बसमध्ये चिवड्याचा डबा फिरायला लागलेला असतो.

चित्रकार बोतेरोच्या संग्रहालयाला तिकीट नाही. फुकट आहे म्हणजे बघण्यासारखं काय असणार!

रविवारी सकाळी सात ते दोन मोठमोठे रस्ते गाड्यांना बंद करून सायकलवाल्यांना मोकळे देतात. बस अडली की ड्रायव्हरवर ओरडा, मराठीत.

आहियाको, म्हणजे तिथलं चिकन-बटाट्याचं सूप मागवा आणि मग त्यातलं चिकन तेवढं काढून द्यायला सांगा.

आता मुख्य सल्ला. विमानतळापासूनच पाब्लो, पाब्लो सुरू करा, म्हणजे तो कोकेनवाला पाब्लो एस्कोबार. वेब सिरीज पाहिलीय ना? मग देश कळला. रस्त्यावर एस्कोबारचं तोंड छापलेला टी-शर्ट मिळतो, तो घासाघीस करून घ्या, तिथेच चढवा आणि प्लासा दे बोलिव्हार या शहराच्या मुख्य चौकात ग्रुप फोटो काढा. आमच्या बसमधल्या एका काकांनी हे सगळं केलं. वर गाईडबाईंना डोळा मारून विचारलं, "माल कुठे मिळतो?" अख्खी बस हसली. बाई पंचावन्नच्या पुढच्या. "पाब्लोचं घर दाखवा," हा पुढचा हट्ट. अहो, ते घर मेदेयीन या दुसऱ्याच शहरात. आणि तो राहायचा ती मोनॅको इमारत मेदेयीनवाल्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये स्फोट करून पाडली, बळी गेलेल्यांचं स्मारक तिथे केलं. ते दाखवू का काकांना?

ह्या बोगोटात १९८४ मध्ये त्याच्या टोळीने कायदामंत्री रोद्रिगो लारा बोनिया यांना मारलं. १९८६ मध्ये संपादक गिल्येर्मो कानो यांना त्यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गालान शहराला लागून असलेल्या सोआचात, भर सभेत मारले गेले. नोव्हेंबरात बोगोटाहून कालीला निघालेलं विमान बॉम्बने उडवलं. आतली १०७ माणसं गेली, वर जमिनीवरची तिघं. पुढच्याच महिन्यात गुप्तचर खात्याच्या इमारतीसमोर स्फोटकांनी भरलेली गाडी उडाली. त्या वर्षी आमच्या गाईडबाई कॉलेजच्या वयाच्या असतील. आणि तुम्ही त्यांना डोळा मारताय!

मला उपरोध वगैरे आता जमत नाही. १२ मार्च १९९३ ला मुंबईत २५७ माणसं गेली. त्या कटाच्या सूत्रधाराचं तोंड छातीवर मिरवत कोणी कोलंबियन पाहुणा दलाल स्ट्रीटवर अंगठा दाखवून फोटो काढायला लागला, तर त्याला पोहे खिलवाल? त्याला तिथून धड परत जाऊ द्याल?

"पण तिथलेच लोक विकतात ना!" विकणाऱ्याला पोट आहे. तुम्हाला काय आहे? लाखांनी पैसे मोजून, अर्धं जग ओलांडून जायचं आणि एका खुन्याचं तोंड विकत घेऊन यायचं? अजून ग्रुपवर काकांचा तो फोटो फिरतोय, खाली अंगठे आणि हसरे चेहरे. काका, तो फोटो काढून टाका. टी-शर्टची फरशी पुसायला चिंधी करा. आणि "प्लाता ओ प्लोमो", म्हणजे 'पैसे घे नाहीतर गोळी खा' ही त्या पाब्लोची धमकी, असं लिहून मला पुन्हा गुड मॉर्निंग पाठवू नका.