नानांच्या वह्या

येत्या आषाढात नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होईल. त्यांच्या दहाव्याला आमचे नातेवाईक थोडे आणि मी कधी न पाहिलेले शेतकरीच जास्त आले होते. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला बाजूला बोलावून हलक्या आवाजात विचारले, "ताई, साहेबांच्या वह्या जपून ठेवल्यात ना?" त्या गर्दीत मी नुसती मान हलवली होती. त्यांना नीट उत्तर द्यायचे राहून गेले आहे, ते आज देते.

माझे वडील श्रीरामपूर तालुक्यातल्या शेती महामंडळाच्या एका मळ्यावर 1970 साली लागले आणि पुढे त्याच मळ्याचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी ज्या पट्ट्यात खेळले, तिथे साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन उसाचे मोठमोठे मळे उभे केले. पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांकडच्या या जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी 1963 साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. ज्यांच्या आजोबांनी जमीन खंडाने दिली होती ती कुटुंबे मात्र जमिनीबाहेरच राहिली. त्यांना आमच्याकडे खंडकरी म्हणतात, आणि आपली जमीन परत मिळावी म्हणून त्यांच्या दोन पिढ्या झगडल्या. नाना ज्या जमिनीची राखण करत होते तिचे मूळ मालक आजूबाजूच्याच गावांत राहत होते, बाजारात भेटत होते, रामराम घालत होते. ही गोष्ट नाना एक दिवसही विसरले नाहीत.

मळ्याचा मॅनेजर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगला आणि जीप येते. आमच्या घरी मात्र मला आठवते ती दाराशी उभी असलेली, चिखलाने माखलेली राजदूत मोटरसायकल आणि पहाटे साडेचारला आईने ठेवलेला चहा. पाटाला आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की नाना दोन दोन रात्री घरी येत नसत. चारीच्या, म्हणजे पाटातून निघणाऱ्या छोट्या कालव्याच्या, शेवटच्या टोकाला पाणी पोचले की नाही, हे बारे धरणाऱ्याने, म्हणजे उसाला पाणी देणाऱ्या कामगाराने, सांगितले तरी ते स्वतः बॅटरी घेऊन पाहून येत. पाणी चोरले जाईल अशी शंका त्यामागे नव्हती. रात्रभर एकट्याने पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला साहेब येऊन गेल्याचा आधार वाटतो, असे ते म्हणत. मळ्यावरचे कामगार पिढ्यान्‌पिढ्या चाळींत राहिलेले, त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला त्यांच्याबरोबर आम्हीही जात असू, आणि त्या दिवशी नाना कोणालाही कामाचे बोलत नसत.

पण मला नानांची ओळख खरी झाली ती पर्जन्यमापकाशी. घरामागच्या मोकळ्या जागेत चौथऱ्यावर तो बसवलेला होता. मी सहावीत असताना त्याची नोंद घेण्याचे काम नानांनी माझ्याकडे दिले. सकाळी साडेआठला नरसाळे काढायचे, आतल्या बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतायचे, माप डोळ्यांच्या रेषेत धरायचे आणि मिलिमीटरचा आकडा दशांशासकट वहीत लिहायचा. आमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे एकेका मिलिमीटरला किंमत असे. एका श्रावणात रात्रभर चांगला पाऊस झाला आणि सकाळी घाईत ते काचेचे माप माझ्या हातून दगडावर पडले. पाणी सांडले, काच फुटली. मी घाबरून अंदाजाने 32 असा आकडा लिहून टाकला. संध्याकाळी नानांनी वही पाहिली. फुटलेल्या काचेबद्दल ते एका शब्दाने बोलले नाहीत. तो 32 त्यांनी एका सरळ रेघेने खोडला, त्यापुढे आपल्या अक्षरात "माप फुटले, नोंद नाही" असे लिहिले आणि वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बाळ, रिकामी जागा चालते. उद्या कोणीतरी या आकड्यावर विसंबून पेरणी करेल." ते पान अजून आहे. मी आज शिक्षिका आहे, मुलांच्या वह्या तपासते, आणि लाल शाईचे पेन हातात घेताना ती एक सरळ रेघ मला रोज आठवते.

बारावीच्या परीक्षेच्या प्रत्येक पेपरला नानांनी मला राजदूतवरून श्रीरामपूरला नेले आणि पेपर सुटेपर्यंत शाळेसमोरच्या लिंबाखाली ते थांबले. ऐन तोडणीच्या दिवसांत त्यांनी ते तीन तास कसे काढले असतील याचा विचार मी त्या वयात केला नाही. पुढे बीएडच्या वेळी लोक म्हणाले, मुलीला एवढे शिकवून काय करायचे. नाना वाद घालत बसले नाहीत, फी भरून आले.

पावसाच्या वहीशेजारी त्यांची दुसरी वही असे, ती प्लॉटांची. कोणत्या प्लॉटात किती खोलीवर मुरूम लागतो, कुठे पाणी तुंबून पांढरी खार फुटते, कोणत्या साली कुठे निचऱ्याचे चर काढले, कुठे जिप्सम टाकून ताग गाडला आणि त्यानंतर चोपण, म्हणजे खाराने बिघडलेली जमीन, किती सुधारले, हे सगळे तारखेनिशी लिहिलेले. जिथे उपाय फसला तिथे "फसला" असेच लिहिलेले. एका प्लॉटात त्यांनी स्वतःच्या हट्टाने उसाची आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली, लागण केली होती आणि निचऱ्याअभावी निम्मा ऊस पिवळा पडला होता. त्या नोंदीखाली लिहिले आहे, "चूक माझी. ओव्हरसिअरने आधी सांगितले होते."

2012 पासून खंडकऱ्यांना जमिनींचे वाटप सुरू झाले तेव्हा नाना निवृत्त होऊन घरी होते. पहिल्याच आठवड्यात एका खंडकरी घरातले दोघे भाऊ आमच्या ओट्यावर आले. त्यांचा जन्म झाला त्याच्या कितीतरी आधी ती जमीन घरातून गेलेली, त्यामुळे आपली म्हणून मिळालेल्या शेताचा बांधसुद्धा त्यांना ठाऊक नव्हता. नाना वही घेऊन त्यांच्याबरोबर गेले, मीही सुट्टीला आले होते म्हणून गेले. नाना शेताच्या खालच्या अंगाला उकिडवे बसले, टिकावाने हातभर उकरले, ढेकूळ हातावर चुरून त्याचा कण जिभेवर ठेवला आणि थुंकून म्हणाले, "इथे खार अजून आहे. वरच्या अंगाला गहू, हरभरा खुशाल करा, पण इकडे आधी चर मोकळा करून घ्या. तो या बाभळीच्या सरळ रेषेत आहे, बुजलाय." कुदळ मारल्यावर चर तिथेच निघाला. धाकटा भाऊ चराकडे पाहत बराच वेळ नुसता उभा राहिला, आणि मग त्याने वाकून नानांच्या पायांना हात लावला. नाना ओशाळले. परतताना वाटेत एवढेच म्हणाले, "त्यांचेच होते. मी नुसते सांभाळले."

त्यानंतर तीन-चार वर्षे आमच्या ओट्यावर असे लोक येत राहिले. माझे स्पष्ट मत आहे की जमीन परत देण्याचे काम अशा सांगण्याशिवाय अर्धेच होते. सातबाऱ्यावर गट नंबर येतो, क्षेत्र येते, शेतसाऱ्याचा आकार येतो. चोपण कुठे आणि चर कुठे हे त्यावर येत नाही. ते ओव्हरसिअरच्या, बारे धरणाऱ्याच्या, व्यवस्थापकाच्या डोक्यात असते आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते. ज्या कामगारांनी तीन पिढ्या त्या मातीत घालवल्या, त्यांचे नाव तर कोणत्याच उताऱ्यावर आले नाही. नानांना ही बोच शेवटपर्यंत होती आणि मलाही आहे.

शेवटची दोन वर्षे त्यांना चालवत नसे. पाऊस झाला की ते मला पुण्याला फोन करून विचारत, "तिकडे किती झाला?" मी म्हणे, "बराच झाला, नाना." मग पलीकडून हमखास प्रश्न येई, "बराच म्हणजे किती?"

तर दहाव्याला मला विचारणाऱ्या काकांसाठी आणि त्या मळ्यात जमीन मिळालेल्या सर्वांसाठी हे उत्तर. पावसाच्या आणि प्लॉटांच्या मिळून 31 वह्या आहेत, सगळ्या आईजवळ, नानांच्या लोखंडी पेटीत. एका वहीला वाळवी लागली आहे, बाकीच्या सुस्थितीत आहेत. जुने प्लॉट नंबर आणि आताचे गट नंबर यांचा मेळ घालणारे कोष्टक नानांनी शेवटच्या वहीत करून ठेवले आहे, ते थोडे अपुरे आहे. ज्यांना आपल्या शेताची नोंद हवी असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मी पानांचे फोटो पाठवीन. मी मे महिनाभर गावीच असेन. प्रत्यक्ष येऊन पाहायचे असेल तर सकाळी नऊच्या आत या, नंतर आई विश्रांती घेते.