वहिनी, दुसऱ्या मृणाल गोरे होऊ नका!

वहिनी, वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, अभिनंदन! साहेबांचं सांत्वन कालच करून आलो. २०११ पासून महाराष्ट्रात महापालिकेच्या निम्म्या जागा बायकांच्या, तेव्हा अशी वेळ कुणावरही येते. आता बॅनरवर साहेब मोठे आणि शेजारी तुम्ही पदर सावरून नमस्कार करताना, एवढं ठरलंच असेल. फक्त एक जपा. सभेत कुणीतरी उत्साहाच्या भरात म्हणेल, ‘आमच्या वहिनी म्हणजे दुसऱ्या मृणाल गोरे!’ तो माइक ताबडतोब काढून घ्या.

त्या बाईंची सुरुवातच चुकली. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या. नवरा केशव गोरे, तेही कार्यकर्तेच. म्हणजे घरात ना बिल्डर, ना कंत्राटदार. १९५८ मध्ये ते गेले. सहानुभूतीची लाट आयती होती. पण १९६१ ला मुंबई महापालिकेत गेल्या त्या पाणी पाणी करत.

हे पाण्याचं नीट समजून घ्या. उपनगरातल्या वस्त्यांना नळ नव्हते, म्हणून त्या बायकांचे हंडा मोर्चे काढायच्या, अधिकाऱ्यांना घेराव घालायच्या. लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पण नळ एकदा आला की आला ना! पुढच्या निवडणुकीला काय देणार? तुम्ही टँकर द्या. टँकर रोज लागतो, तो धाकट्या भाऊजींचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साहेबांचा फोटो बसतो. पाइपलाइन जमिनीखाली जाते, तिथे फोटो कोण बघणार?

१९७२ मध्ये महागाई वाढली तेव्हा समाजवादी मृणालताई, मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर आणि कम्युनिस्ट तारा रेड्डी एकत्र आल्या. बायका लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर. आपल्या महिला आघाडीत हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावरून दोन गट पडलेत, तेच बरं आहे. लाटणं हवंच असेल तर पैठणीच्या खेळात दुसरं बक्षीस म्हणून ठेवू.

आणीबाणीत त्या भूमिगत झाल्या, मग तुरुंगात गेल्या. आता इतकं कुणी करत नाही. तपास यंत्रणेची नोटीस आली की संध्याकाळी पक्ष बदलायचा, समोरचे हार घेऊन तयारच असतात. १९७७ ला त्या खासदार झाल्या आणि घोषणा गाजली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पानी में’. एवढी फुकट प्रसिद्धी मिळूनही बाई परत इथल्याच कामाला जुंपल्या. (मला हे आजही कळत नाही.)

दिंडोशीचं तर ऐकूच नका. कमाल जमीन धारणा कायद्याने जादा ठरलेल्या जमिनीसाठी नागरी निवारा परिषद काढली, कोर्टकचेऱ्या केल्या आणि सहा हजारांहून जास्त घरं उभी केली, साध्या लोकांसाठी! मोक्याची जागा दिसल्यावर माणसाने तिथे भागीदारी मागावी की लोकांना घरं?

विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय, म्हणजे सरकारचं नव्हे तर स्वतःचं विधेयक आणलं. त्यांच्या आणि स्त्री संघटनांच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. तसा देशाचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं. तुम्ही या भानगडीत पडू नका. आपल्या प्रचाराला चार डॉक्टर आहेत, उगाच नाराज व्हायचे. सभागृहात फक्त हजेरी लावायची. काय बोलायचं ते साहेब व्हॉट्सॲपवर पाठवतील, आणि बहुतेक वेळा ‘आज बोलू नकोस’ एवढंच पाठवतील.

गोरेगावात उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे म्हणून हुरळून जाऊ नका. आपण वॉर्डातल्या एकेका बाकड्यावर तुमचं नाव टाकू, साहेबांच्या नावाखाली. फॉर्म उद्या अकराला भरायचाय. येताना आधार कार्ड आणि हिरवी नऊवारी आणा. तुमच्या सहीचा सराव साहेबांनी केलाय.