उंबरातले किडे आणि मैत्रीच्या गोष्टी

उंबर आणि त्यातल्या किड्याची ‘अतूट मैत्री’ सांगणाऱ्या पोस्ट अधूनमधून फिरतात. एकदा उंबर फोडून नीट पाहिलं की मैत्री हा शब्द गळी उतरत नाही. दोन पक्क्या सावकारांचा व्यवहार वाटतो.

मुळात उंबर म्हणजे आत वळलेला फुलोरा. भिंतीला आतून बारीक फुलं खच्चून भरलेली, टोकाला खवल्यांनी मिटलेलं भोक. म्हणून तर उंबराचं फूल कुणाच्या नजरेला पडत नाही. त्याचा माग लागतो तो एक-दोन मिलिमीटरच्या वास्पला (गांधीलमाशीच्या जातकुळीतला हा बारीक कीटक, म्हणजेच उंबरातला किडा), तोही वासावरून.

मादी खवल्यांतून आत घुसते तेव्हा बहुधा तिचे पंख आणि मिशांची टोकं दारातच तुटतात. आत ती छातीवरच्या खिशांतून (हो, खिसेच!) पराग काढून कुक्षींवर, म्हणजे फुलाच्या पराग घेणाऱ्या टोकांवर, ठेवते आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे त्या टोकाखालच्या दांडीतून, अंडी घालायची नळी घालून बीजांडाशी (ज्याचं पुढे बी होतं) अंडं घालते. खरी मेख इथे आहे. कुक्षीवृंत काही आखूड, काही लांब. आखूड फुलांत सहसा अंडी पडतात, लांब फुलांचं बी होतं. सगळीकडे अंडीच पडली तर झाड निर्वंश. सगळ्यांचं बीच झालं तर पुढे पराग न्यायला कुणी नाही.

काही आठवड्यांनी आधी नर निघतात, बिनपंखी. गाठीला (अंडं पडलेलं फूल फुगून झालेली) भोक पाडून आतल्या मादीशी मिलन, मग भिंतीतून बोगदा, मग मरण. नरफुलंही नेमकी तेव्हाच उमलतात. मादी पराग भरून बाहेर पडते. तिच्या हातात जेमतेम एक-दोन दिवस, आणि एका झाडावरची उंबरं बहुतेकदा एकाच वयाची, म्हणजे दुसरं झाड गाठणं आलंच. ही साखळी तुटते कशी, ते बोर्निओत 1998च्या दुष्काळात दिसलं: उंबराच्या कुळातल्या काही जातींना फुलोरे धरले नाहीत आणि त्यांचे वास्प त्या भागातून नाहीसे झाले.

कोवळ्या उंबरावर बाहेरून बसलेली, लांब शेपटीची वास्प दिसली तर ती परागवाली समजू नका. ती शेपटी म्हणजे अंडी घालायची नळी. परागाचं काम शून्य, आतली जागा मात्र फुकट. परागवालीच बिनपरागाची आली तर काही जाती असे फुलोरे गाळून टाकतात, हे प्रयोगांत दिसलंय. एवढा रोखठोक कारभार!

आता उंबराच्याच कुळातल्या अंजिरात वास्प मरते, म्हणून ‘अंजीर मांसाहारी’ असा जो वाद घालतात त्याबद्दल. नेहमीच्या अंजिराच्या बऱ्याच जाती परागाशिवायच फळ धरतात, त्यात वास्पचा संबंधच नसतो. स्मर्ना नावाच्या अंजिराच्या प्रकाराला मात्र ती लागतेच. कॅलिफोर्नियात ही झाडं लावली तरी फळं गळतच राहिली, 1899मध्ये वास्प तिथे रुजली तेव्हा कुठे पीक आलं. अशा बागांत नर-अंजिराची, म्हणजे ज्यात वास्प वाढते त्या झाडांची, फळं पिशव्यांतून टांगतात. त्यातून आलेली मादी बागेतल्या अंजिरात शिरते, पण तिथल्या लांब कुक्षीवृंतांना तिची नळी पुरत नाही. पराग टाकून ती वांझच मरते. पिशव्या जास्त झाल्या तर फळात बी फार धरतं आणि ते फुटतं, शिवाय वास्पबरोबर आलेली बुरशी आतून सडवते. म्हणून त्या थोड्या थोड्या, काही दिवसांच्या अंतरानं टांगतात.