प्रोजेक्टर मोजून काय कळणार?

भारतातल्या प्राध्यापक मित्रांशी बोलणं झालं की हल्ली वाद एकच, कॉलेज किती डिजिटल झालं. सगळ्या विद्यार्थ्यांचे एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचे नंबर) निघाले का, समर्थ या विद्यापीठांच्या कारभाराच्या सरकारी पोर्टलवर डेटा भरला का. एक गट म्हणतो केवढी प्रगती, दुसरा म्हणतो हे सगळं नॅकपुरतं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला दाखवण्यापुरतं. मी इकडे युकेत युनिव्हर्सिटीतच काम करतो, आणि मला मनापासून वाटतं की आपण मोजतोय तेच चुकतंय.

नॅकच्या निकषांत विद्यार्थी आणि कॉम्प्युटरचं प्रमाण आलं, इंटरनेटचा स्पीड आला, आणि विद्यार्थ्यांना जो सर्व्हे पाठवतात त्यातही प्रश्न काय तर किती टक्के शिक्षक शिकवताना प्रोजेक्टर वगैरे वापरतात. अहो पण त्याच जुन्या नोट्स आता स्लाइडवरून वाचून दाखवल्या तर मुलांना काय मिळालं? इकडे युनिव्हर्सिट्यांच्या डिजिटल कामासाठी जिस्क म्हणून संस्था आहे, ती मुलांनाच विचारते की वायफायचा त्रास होतो का, अभ्यासाला शांत जागा आहे का, ऑनलाइन शिकवणं कसं वाटलं. शिवाय २०१८ पासून नियमच आहे की युनिव्हर्सिटीची वेबसाइट दृष्टिहीन विद्यार्थ्याला स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वापरता आली पाहिजे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे की, तरी परिपत्रकं अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये येतात, जी स्क्रीन रीडरला नुसतं चित्र म्हणून दिसतात. हे कुठल्या निकषात धरायचं?

इकडे सगळं छान आहे असं मुळीच नाही. २०२२ मध्ये एडिनबरा युनिव्हर्सिटीनं पैशांच्या व्यवहारांसाठी नवीन सिस्टिम आणली आणि पीएचडीच्या मुलांचे स्टायपेंड रखडले, भाडं कसं भरायचं इथपर्यंत वेळ आली. मुंबई विद्यापीठाचं २०१७ तर सगळ्यांना आठवत असेल, पेपर ऑनस्क्रीन तपासायचं ठरलं, पुरेशी तयारी नव्हती, निकाल महिनोन् महिने लांबले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. ज्यांना बाहेर ॲडमिशन मिळाली होती त्यांच्या हातात मार्कशीटच नाही! दोन्हीकडे आधी थोड्या विभागांत चालवून बघायला हवं होतं, आणि जुनी पद्धत तोपर्यंत चालू ठेवायला हवी होती.

मला विचाराल तर पुढच्या मूल्यमापनात प्रोजेक्टरचा रकाना काढा आणि हे विचारा, निकाल किती दिवसांत लागला, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी ऑनलाइन मिळाली का, ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठात किती चकरा मारल्या. आणि उत्तरं विद्यार्थ्यांकडून घ्या, कॉलेजनं भरलेल्या फॉर्ममधून नको.