ब्राउझरचं बटण आणि लोनचे फोन: त्या मेसेजवर विश्वास ठेवू नका

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आता तो आमच्या लोकमान्य नगरच्या मावशीकडेही आला, त्यामुळे गप्प बसवत नाही. मेसेज असा: “नवा कायदा आला! ब्राउझरमधली ही सेटिंग चालू करा, प्रत्येक वेबसाइटला तुमचा डेटा पुसावाच लागेल, लोनचे फोन कायमचे बंद. सेटिंग सापडली नाही तर खालच्या लिंकवरून ॲप टाका.” सोबत क्रोमच्या सेटिंगचा फोटो.

आधी ती लिंक, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे घातक आहे. लिंकवरून उतरते ती प्ले स्टोअरबाहेरची एपीके, म्हणजे ॲप थेट टाकायची फाइल. ती टाकली की एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटी अशा दोन परवानग्या मागते. वेबसाइटला “माझा डेटा विकू नका” एवढं सांगायला एसएमएस कशाला वाचायला हवेत? एसएमएसची परवानगी म्हणजे ओटीपी त्यांच्या हातात. ॲक्सेसिबिलिटी दिली तर स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. कोणी टाकलंच असेल तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा. मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या दोन्ही ठिकाणांहून त्या ॲपचा हक्क काढा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण दाबलंच जात नाही. त्यानंतर ॲप काढा. बँकेला फोन मात्र दुसऱ्या मोबाइलवरून करा आणि नेटबँकिंग, यूपीआय थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता कायदा. ब्राउझरनं पाठवलेला “माझा डेटा विकू नका” हा संकेत वेबसाइटनं पाळावा असा कायदा आहे, हे मान्य करावं लागतं, पण तो अमेरिकेतल्या काही राज्यांचा आहे. कॅलिफोर्नियात तो नुसता कागदावरही नाही: ऑगस्ट 2022 मध्ये सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला 12 लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकांचा डेटा विकतो हे तिनं सांगितलं नव्हतं आणि ब्राउझरकडून येणारा नकाराचा संकेतही पाळला नव्हता. 1 जानेवारी 2027 पासून तर तिथं ब्राउझरलाच हा संकेत पाठवायची सोय द्यावी लागणार आहे. पण हे संरक्षण तिथल्या रहिवाशांना, इंदूरच्या सुदामा नगरात बसून क्रोम उघडणाऱ्याला नाही. आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. दिलेली संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं, असं तो म्हणतो. ब्राउझरचा संकेत पाळा, असं त्यात कुठंही नाही.

“डेटा पुसावाच लागेल” हे तर कॅलिफोर्नियातही खोटं. या संकेताचं नाव ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल. पान मागवताना ब्राउझर सोबत “सेक-जीपीसी: 1” अशी एक ओळ पाठवतो, बस. तिचा अर्थ विकू नका, इतरांना देऊ नका. साठवलेलं पुसायला तिथंही वेगळा अर्ज करावा लागतो.

आणि फोटोतली सेटिंग ती नव्हेच! ते जुनं “डू नॉट ट्रॅक”, म्हणजे “माझा माग काढू नका” आहे. ते पाळण्याची सक्ती कॅलिफोर्नियातही नाही, आणि फायरफॉक्सनं तर ते 2025 मध्ये काढूनच टाकलं.

लोनचे फोन? तुमचा नंबर ब्राउझर देत नाही, तो कुठल्यातरी फॉर्मात किंवा ॲपमध्ये तुम्हीच भरलेला असतो. हे फोन कमी करायला 1909 वर इंग्रजीत “स्टार्ट 0” असा एसएमएस पाठवा. नोंदणीकृत कंपन्यांचे फोन त्यानं कमी होतात, साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करणारे मात्र नाही. त्यांची तक्रारही 1909 वरच करायची.

तरीही संकेत चालू ठेवायचा असेल तर जरूर ठेवा, नुकसान काहीच नाही. ब्रेव्ह या ब्राउझरमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, आणि तिथं “वेबसाइटनी माझा डेटा विकू किंवा शेअर करू नये” अशा अर्थाच्या ओळीपुढं खूण करा. क्रोममध्ये ही सोय मुळात नाही, संगणकावर प्रायव्हसी बॅजरसारखं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन लागतं, आणि ते क्रोमच्या स्वतःच्या स्टोअरमधूनच घ्यायचं. मोबाइलवरच्या वेगवेगळ्या ॲपमधून जाणाऱ्या डेटाला यातलं काहीच लागू होत नाही.