चोर्ल्याने की अनमोडने?

बेळगावात गोव्याला जायचं ठरवणं सोपं असतं. कुठल्या घाटाने जायचं हे ठरवताना मात्र घरं फुटायची वेळ येते. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, नाहीतर आंबोली. आमचे मामा अनमोडचे. "राष्ट्रीय महामार्ग आहे तो, 748!" एवढ्यावर त्यांचा खटला उभा. काकू चोर्ल्याच्या, कारण अंतर कमी. वहिनींचं माहेर सावंतवाडी, त्यामुळे त्यांच्या नकाशात गोवा सावंतवाडीच्या पुढेच येतो.

रस्त्यांचं नियोजन सरकार करतं म्हणतात. करत असेल. पण रस्ता चालू आहे का, हे शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्यालाच विचारावं लागतं. गोव्याची भाजी बेळगावातून जाते, तेव्हा घाटाची खरी खबर त्याच्याकडे. "जातंय की!" तो म्हणतो. काय जातंय, गाडी की जीव, ते कणकुंबीच्या पुढे कळतं.

कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात ती रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यातून उगम पावते. त्यात धुकं. धुकं दिसलं की आमच्याकडचा माणूस चारही इंडिकेटर लुकलुकत सोडतो. मग पुढची गाडी डावीकडे वळणार, उजवीकडे की थेट देवाघरी, काही पत्ता लागत नाही.

उतार लागला तसे मागच्या सीटवरून मामा सुरू झाले, "न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचतंय." गिअर काढला की इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर लागत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"तुझ्या जन्माआधीपासून घाटात गाडी चालवतोय मी!"

"ती लुना होती," काकू म्हणाल्या. "तिला गिअर कुठले?"

पुढच्या वळणावर समोरून बस चढत आली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असं 2017 च्या केंद्रीय नियमावलीत आहे. म्हणून मी थांबलो. मागच्या गाड्यांना वाटलं मी बंद पडलो. त्या मला ओलांडून बसच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एक केए, एक जीए, एक एमएच. तीन राज्यं समोरासमोर आणि मागे सरायला एकही तयार नाही. आमच्या भागात मागे सरायची पद्धत 1956 पासून नाहीच.

मग माणसं उतरली. "येऊ दे, येऊ दे!" "बरली, बरली!" "अरे, चाक बघ की!" सफारी सूटातले एक गृहस्थ भर पावसात छत्री मिटून तिनेच वाहतूक नियंत्रण करत होते. बसला दोनदा थोपवलं, टेम्पोवाल्याला झापलं, मलाही गाडी चालवायची अक्कल शिकवली. बऱ्याच वेळाने सगळं हललं. हलेना ती फक्त ऐन वळणावर लावून ठेवलेली पांढरी कार. "कुणाची आहे ही?" म्हणून चहूकडून आरडाओरडा झाला.

गृहस्थांनी खिशातून किल्ली काढली आणि छत्री माझ्याकडे रोखून म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला घ्या की हो, मला निघू दे आधी."