शाळेतील फ्लोराइड वार्निशबाबत पालकांसाठी खुलासा

'शाळेत दातांना लावलेल्या औषधाने मुलांचे दात पिवळे पडतात, आणि दुधाचे दात तर पडणारच, मग तपासणी कशाला?' असा संदेश मराठवाड्यातील पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहे. हे औषध म्हणजे दात किडू नयेत म्हणून लावले जाणारे फ्लोराइड वार्निश. संदेशातील दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

किनवटसारख्या भागात विंधन विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून ही भीती समजण्यासारखी आहे. मात्र हे डाग हिरडीच्या आत दात घडत असताना, वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइडचे पाणी (लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक) पोटात गेल्याने पडतात. वार्निश हा केवळ दातांच्या पृष्ठभागावर ब्रशने दिलेला, थेंबभर औषधाचा पातळ थर असतो. काही वार्निशांचा पिवळसर रंग दिसतो खरा, पण दुसऱ्या दिवशी दात घासल्यावर तो निघून जातो.

दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षे वयापर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या की मूल एकाच बाजूने चावते, कडक भाकरी ताटात तशीच ठेवते, रात्री गाल धरून रडते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ कायमची असते. आधी कोणताही दात न पडता ती येत असल्याने घरचे तिला दुधाचीच समजतात.

मुलांची आरोग्य तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, ही कळकळीची विनंती.